मिलानला जमलं, मग पुण्याला का नाही?

मिलानच्या कचरा व्यवस्थेवरचा तुमचा लेख वाचला. इटलीतल्या या शहरात 2012 ते 2014 दरम्यान टप्प्याटप्प्याने घरोघरचा ओला कचरा वेगळा उचलायला सुरुवात झाली, ही माहिती लेखात चांगली आली आहे. पण "पुण्यानेही हे सुरू करावं" हा शेवट पटला नाही. अहो, इथे 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिला 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार जाताहेत, ओला-सुका वेगळा घेताहेत. 2016 च्या केंद्रीय नियमांनीच वर्गीकरण सक्तीचं केलं.

मिलानकडून घ्यायचं ते दुसरंच. त्यांनी घराघरात जाळीदार छोटी बादली आणि कुजणाऱ्या पिशव्या दिल्या. जाळीतून हवा खेळते, ओल कमी होते, वास कमी येतो. आपल्याकडे खरकटं, भाज्यांची देठं, चहाचा चोथा सगळं काळ्या कॅरीबॅगेत गच्च बांधून देतात, वर सॅनिटरी पॅडही त्यातच! मग त्या बाईंनी ते हातांनी निवडायचं. आमच्या सोसायटीत सूचनाफलकावर चारदा लिहून झालं, फरक शून्य. (मीटिंगमध्ये मात्र सगळेच पर्यावरणवादी.)

आणखी एक. महापालिका नवी सेवा म्हणून मोठ्या गाड्यांचा ठेका देणार असेल, तर सुका कचरा कुणाचा हे आधी ठरवावं. त्यातलं भंगार विकूनच या कचरावेचक महिलांची बरीचशी कमाई होते. तेही ठेकेदाराच्या गाडीत गेलं, तर घरोघरून मिळणाऱ्या नुसत्या महिन्याच्या शुल्कावर त्यांचं भागेल का? लेखात याबद्दल एक ओळ नाही.