मॅकरोनी, तहदीग आणि आपले अस्सलवाले

आज इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, असं जेवण) माझी इराणी मैत्रीण मॅकरोनी घेऊन आली होती. एका बाईंनी झाकण उचललं, आत डोकावल्या आणि तिला कळणार नाही या हिशोबाने मराठीत म्हणाल्या, "ही काय स्पॅगेटी? कबाब वगैरे काहीतरी अस्सल इराणी आणायचं ना!" घरी आले तरी डोकं शांत होत नाहीये.

अहो, हे अस्सलच आहे! तेहरानमध्ये घरोघरी होतं. स्पॅगेटी थोडी कच्चट ठेवून उकडायची, हळद-टोमॅटोचा खिमा कालवायचा. पातेल्याच्या तळाला तेल, त्यावर बटाट्याच्या चकत्या, वर स्पॅगेटी. झाकणाला फडकं गुंडाळून मंद आचेवर दम. पातेलं ताटात उलटं केलं की वर येते ती सोनेरी, कुरकुरीत तहदीग. म्हणजे आपली खरवडच हो, जिच्यासाठी लहानपणी भावंडांशी भांडलोय.

मैत्रीण इराणमधल्या 1979च्या क्रांतीनंतर अगदी लहानपणी लॉस एंजेलिसला आली. वकिलातीतले अमेरिकन ओलीस तेहरानमध्ये 444 दिवस अडकलेले, टीव्हीवर रोज दिवस मोजले जायचे, आणि शाळेत इराणी पोर दिसलं की जणू त्यानेच त्यांना कोंडलंय. पुढे एका वाढदिवसाला वर्गातल्या मुली घरी आल्या. आईने मुद्दाम मॅकरोनी केली, अमेरिकन मुलींना स्पॅगेटी आवडते म्हणून! पातेलं उलटं केलं तर मुली म्हणाल्या, करपलंय. मग पिझ्झा मागवला. हिने त्यावर केचप ओतलं, इराणमध्ये तसाच खातात, तर त्यावरही हसल्या.

म्हणजे त्या मुलींना ही मॅकरोनी नको तितकी इराणी, आणि आमच्या बाईंना पुरेशी इराणी नाही. तिने जायचं कुठे?

मान्य, पाहुण्याकडून वेगळं काही चाखायची हौस असते. असू दे. पण त्याच टेबलावर बिस्क्विकचे (पॅनकेकच्या तयार पिठाचे) गुलाबजाम होते आणि ग्रीक योगर्टचं श्रीखंड. बाईंनी श्रीखंड परत वाढून घेतलं. तेव्हा नाही आठवलं अस्सल!

तिच्या आईची मला फार गंमत वाटते. तहदीगसाठी लवाश (पातळ इराणी रोटी) मिळेना तेव्हा भाताखाली सरळ मेक्सिकन टॉर्टिया अंथरायची. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला केशर चोळते, शेजारी जेरेश्क पोलो, म्हणजे आंबट लाल बेरींचा पुलाव (मुंबईच्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलातल्या बेरी पुलावात असतात तेच जेरेश्क) आणि डब्यातला क्रॅनबेरी सॉस. तो लेकीने शाळेत असताना हट्टाने आणायला लावलेला. आता एखाद्या वर्षी आई विसरली तर लेकच चिडते.

पण त्या वाढदिवसानंतर आईने मॅकरोनी बाहेरच्यांपुढे ठेवली नाही. पुढच्या वर्षी हॉटडॉग. लेकीनेही कधी कुणाकडे नेली नाही. आज आमच्याकडे आणली! आणि आपण काय केलं?

पुढच्या पॉटलकलाही मॅकरोनीच आण, मोठ्या पातेल्यात, असं मी तिला बजावलंय. कबाब हवा असेल त्यांनी लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड बुलेवार्डला जावं, इराणी हॉटेलं कमी नाहीत तिथे. आणि तहदीगचा पहिला तुकडा माझा, आत्ताच सांगून ठेवते.