एका 'ने'ची सोयरीक

परवा पुन्हा तो मेसेज आला. अमुक भाषेतला तमुक शब्द हुबेहूब आपल्यासारखा, म्हणजे ती भाषा मूळची आपलीच, अभिमान असेल तर पुढे पाठवा. पुढे काही पाठवला नाही, पण किडा वळवळत राहिला. म्हटलं, एकच शब्द घेऊ या, अगदी एका अक्षराचा, आणि बघू या कुणाकुणाशी सोयरीक जुळते ते. मी 'ने' घेतला.

आधी घरचं बघू. 'आईने ने म्हटलं म्हणून नेलं.' यातला पहिला ने कोणी केलं ते सांगतो, दुसरा हुकूम सोडतो. शाळेत तृतीयेचे प्रत्यय 'ने, ए, शी' असे घोकलेत, त्यातला तो मधला 'ए' कुठे वापरायचा हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. तो जुना आहे. पसायदानात 'देवें' आहे, 'देवाने' नाही. आणि आज हाच 'ए' रोज ऐकायचा असेल तर गुजरातीत जा. तिथे 'रामे पुस्तक आप्युं' म्हणजे रामाने पुस्तक दिलं. मग 'रामने पुस्तक आप्युं' म्हणजे काय? रामाला पुस्तक दिलं! आपला ने देणाऱ्याला लागतो, त्यांचा घेणाऱ्याला. शेजारची भाषा, सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची, आणि एका अक्षराने दाता-याचक उलटेपालटे. हरियाणवीने तर वादच मिटवलाय. तिथे 'मन्नै' म्हणजे 'मी' सुद्धा (केलं असेल तर) आणि 'मला' सुद्धा, बाकीचं वाक्य ऐका आणि समजून घ्या. (हिंदीत 'मैंने किया' म्हणावं लागतं, मराठीत नुसतं 'मी केलं'. दुसऱ्याचं नाव घेताना ने लागतो, स्वतःवर आलं की गळून पडतो. यावर कुणी विनोद केला नसेल तर तो माझा समजावा.)

आता जरा लांब. ग्रीस, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या तीन देशांच्या हद्दी एका ठिकाणी मिळतात, मारित्सा नदीवर. तिथलं सगळ्यात जवळचं मोठं शहर तुर्कांचं, एदिर्ने. नावातच ने, मी मुद्दाम शोधलेलं नाही. तिथे उभं राहून 'ने' म्हणा. ग्रीक माणसाला ऐकू येईल 'हो', बल्गेरियन माणसाला 'नाही', तुर्काला 'काय?'. ग्रीक लिहिताना 'नाइ' असं लिहितात आणि म्हणताना 'ने' म्हणतात. २०१५च्या जुलैमधल्या सार्वमतात मतपत्रिकेवर हाच 'ने' आणि त्याच्या विरुद्ध 'ओखी' छापलेला होता, ६१ टक्क्यांहून जास्त लोकांनी ओखी निवडला. मानेच्या खुणांनी काम भागवू म्हणाल तर तेही नाही, कारण बल्गेरियात होकाराला मान आडवी हलते. तुर्की भाषेत तर 'काय' वाला ने स्वतःचा आणि 'हाही नाही, तोही नाही' वाला 'ने... ने...' फारसीकडून आणलेला. दोघे एकाच वाक्यात आले तरी कुणी गोंधळत नाही.

कोरियन मालिका बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तिथेही 'ने' म्हणजे हो. कान तयार नसेल तर 'दे' असंही ऐकू येतं. शिवाय 'तुझा' म्हणजेही ने. पण 'माझा' हा शब्दही आता तसाच ऐकू येतो, त्यामुळे बोलताना लोक 'तुझा'साठी सरळ 'नी' म्हणून मोकळे होतात. माझं-तुझं एक झालं की काय होतं ते व्याकरणालाही माहीत आहे. आता ग्रीक आणि कोरियन, दोन्हीकडे ने म्हणजे हो. यावरून मेसेज का फिरत नाही? कारण त्यात आपण नाही.

खरी गंमत ब्राझीलमध्ये. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी 'ने' लावतो, अगदी आपल्या 'ना'सारखा: छान आहे ना? ब्राझीलचा माणूस पोर्तुगीजमध्ये 'ने?' लावतो, अर्थ तोच. १९०८पासून जपानी कुटुंबं ब्राझीलला जात राहिली, आज जपानबाहेर जपानी वंशाचे सगळ्यात जास्त लोक तिथे आहेत. एवढा पुरावा समोर असताना कुणीही म्हणेल, उचलला शब्द. चूक. ब्राझीलचा ने हा 'नाऊं ए', म्हणजे 'नाही का', याचं बोलताना झालेलं आखूड रूप. जपान्यांनी पोर्तुगिजांकडून 'ओब्रिगादो' (म्हणजे धन्यवाद) घेऊन त्याच अर्थाचं 'अरिगातो' केलं, अशीही एक लोकप्रिय गोष्ट आहे. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३मध्ये आणि 'अरिगातो' ज्याच्यावरून आला तो शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून जपानी लिखाणात आहे.

फ्रेंच ने मला सगळ्यात करुण वाटतो. एके काळी नकाराचं सगळं काम तो एकटा करायचा. मग जोर यावा म्हणून 'पा' जोडला गेला. पा म्हणजे पाऊल. 'एक पाऊलसुद्धा चालत नाही' यातलं, आपल्या 'काडीमात्र'सारखं. हळूहळू पाऊल सवयीचं झालं, चालण्याशी संबंध नसतानाही येऊ लागलं आणि आज बोलताना फ्रेंच लोक ने गाळून नुसत्या 'पा'वर भागवतात. मदतनीस म्हणून आलेल्याने खुर्ची घेतली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सारखं दिसलं म्हणून नातं सांगू नका. फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड', उच्चार जवळचे, अर्थ तोच, नातं शून्य. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत, तोही योगायोग. भाषांमध्ये आवाज मोजकेच, त्यातून एका अक्षराचे शब्द किती होणार? ते जुळणारच. उलट आर्मेनियन 'एर्कु' म्हणजे दोन, आणि तो आपल्या 'द्वि'चा रक्ताचा नातेवाईक आहे. चेहरा अजिबात मिळत नाही, पण आवाज कसकसे बदलत गेले याचा हिशेब लागतो. असा हिशेब एका शब्दावर लागत नाही, शेकडो शब्द समोर ठेवावे लागतात, आणि ते काम कंटाळवाणं असल्यामुळे पुढे पाठवलं जात नाही.

बल्गेरियनच्या नकारार्थी ने-चा खरा भाऊ मराठीत आहे, फक्त तो प्रत्ययातही नाही आणि हुकुमातही नाही. संतांच्या मराठीत 'मी नेणें' म्हणजे 'घेऊन जातो' नव्हे, 'मला ठाऊक नाही'. न आणि जाणणे, मिळून नेणणे. 'नेणता' शब्दात तो अजून बसलेला आहे.

पुढचा मेसेज 'मा' या अक्षरावर येणार हे मला आत्ताच दिसतंय.