बेस जळतो तो ‘डीसी’ने नव्हे

गणपती जवळ आले की साउंडवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘ॲम्प लहान असला की क्लिप होतो. क्लिप झाला की डीसी बनतो. डीसी आला की कोन जागीच थांबतो, हवा लागत नाही आणि कॉइल जळते. म्हणून स्पीकरच्या दुप्पट वॉटचा ॲम्प लावा, बेस कधीच जळणार नाही.’ (बेस म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, कोन म्हणजे त्याचा पुढे-मागे हलणारा पडदा आणि कॉइल म्हणजे त्याला हलवणारं तारेचं वेटोळं. ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर; तो ताकदीपलीकडे ताणला की क्लिप होतो. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज.) मी कॉइल बदलून देण्याचं काम करतो, त्यामुळे या मेसेजबद्दल खरं तर माझी तक्रार नसावी. तो वाचून मोठा ॲम्प घेतलेले लोक थोड्या दिवसांनी बेस घेऊन माझ्याच टेबलापाशी येतात.

आधी डीसीचं बघू. क्लिप झालेल्या लाटेचा माथा कापला जाऊन सपाट दिसतो, आणि सपाट म्हणजे डीसी असा समज होतो. पण वरचा माथा कापला जातो तसा खालचाही. ४० हर्ट्झच्या सुरात असा सपाट भाग फार तर १२.५ मिलिसेकंद टिकतो, लगेच दिशा उलटते. क्लिपचा लाल दिवा लागलेला असताना मल्टिमीटर डीसीवर ठेवून आउटपुट मोजा (हात जपून). काटा शून्याजवळच घुटमळेल.

खरा डीसी येतो तो ॲम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यावर. तेव्हा कोन एका बाजूला ढकलला जातो आणि तिथेच राहतो. ७० व्होल्ट थेट ६ ओहमच्या कॉइलवर आले तर ८०० वॉटच्या वर उष्णता, तीही अखंड. अशी कॉइल एकदा पाहिलेल्या माणसाने हा मेसेज लिहिला असावा. पण तो ॲम्पचा बिघाड झाला. क्लिपिंगशी त्याचा संबंध नाही.

कोन थांबतो हेही खरं नाही. कोन जड असतो. बेसच्या नेहमीच्या पट्ट्यात सपाट माथा म्हणजे कोनाला तेवढा वेळ एकाच दिशेने मिळणारा रेटा. रेटा चालू असताना तो थांबेल कशाला?

मग कॉइल जळते कशाने? सरासरी वॉटने. मोठ्या कार्यक्रमांत लावतात तो चांगला (पीए) बेससुद्धा मिळालेल्या विजेतली तीन-चार टक्केच आवाजात बदलतो, बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. ५०० वॉटचा ॲम्प पार चेपून लाट चौकोनी झाली तर कागदावर १००० वॉट देतो. १००० वॉटच्या बेसने ते सोसायला हवेत, ३०० वॉटचा मात्र जळेल. तिथे दोष वाढलेल्या सरासरीचा.

आता दुप्पट ॲम्पचा सल्ला. त्याला आधार नाही असं नाही. बेसचं रेटिंग ज्या नॉइजवर (चाचणीच्या खरखरीवर) काढतात, त्यात शिखराची पॉवर सरासरीच्या चौपट असते, आणि ती शिखरं न कापता सोडायला दुप्पट ॲम्प लागतो. पण ‘कधीच जळणार नाही’? १००० वॉटच्या बेसवर २००० वॉटचा ॲम्प घ्या. मोकळं, चढउताराचं संगीत असेल तर क्लिप न होता सरासरी २५० वॉटच्या आसपास जाते. चढउतार दाबून बनवलेल्या रिमिक्सला तीच १०००. आणि एकच लांबलचक बेसचा सूर धरला की २०००, तेही क्लिपचा दिवा न लागता.

इथून पुढचा खेळ ऑपरेटरला दिसत नाही. तांब्याची कॉइल २०० अंशांनी तापली की तिचा रोध पावणेदोन पटीच्या पुढे जातो. ॲम्पमधून पॉवर कमी ओढली जाते, आवाज पाच डेसिबलपर्यंत पडतो. मिरवणुकीत कोणीतरी ओरडतं, ‘बेस कमी झाला!’ फेडर (आवाज वाढवायची पट्टी) वर जातो, कॉइल आणखी तापते. शेवटी डिंक सुटतो, वेटोळी सैल होतात आणि चुंबकाच्या गॅपमध्ये घासायला लागतात.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, तो बिघाडाचा दुसरा प्रकार मला जास्त दिसतो: न जळता तुटलेला बेस. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट हालावं लागतं. भोकाचा बॉक्स (हवेसाठी तोंड ठेवलेला) ४० हर्ट्झला ट्यून केलेला असेल आणि खाली २५-३० हर्ट्झ सोडलं, तर आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट धावतो. कॉइल मागच्या प्लेटवर आपटते, स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी जाळी) फाटतो, लीड (कॉइलकडे जाणाऱ्या तारा) तुटतात. याला लो-कट फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) लागतो, आणि तो बहुतेक प्रोसेसरमध्ये असतोच, फक्त लावलेला नसतो.

परवा एक १८ इंची उघडला. कॉइल तांब्यासारखी लखलखीत, वार्निशचा वासही ताजा, खालची कड मात्र चेपून आत वळलेली. मालक शपथेवर सांगत होता की क्लिपचा दिवा एकदाही लागला नव्हता. त्याचं बरोबरच होतं.