आधी फ्रेम, मग टाकी

तुम्ही टाक्या धुता, एसी दुरुस्त करता, मोटारी भरता किंवा चार पोरं हाताशी धरून हाऊसकीपिंगची कामं घेता, आणि अजून तुमच्या भिंतीवर सोनेरी किनारीचं एकही प्रमाणपत्र नाही? मग तुमचं चालतं तरी कसं? लोक नुसतं काम बघून परत बोलावतात म्हणता? असल्या भोळेपणावर किती दिवस काढणार?

मी स्वतः टाकीवाला. लातूरचा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं, ते तुम्हीही टीव्हीवर बघितलं असेल. त्या उन्हाळ्यानं आमच्या गल्लीला एक खोड लावली. मिळेल तेव्हा, मिळेल तेवढं साठवायचं. जिथं एक टाकी होती तिथं दोन झाल्या, पोर्चखाली हौद झाले. त्यात नीटच्या तयारीला आलेली पोरं, त्यांची होस्टेलं, त्यांच्या मेस. एकेका गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. टाकी आली की गाळ आला, गाळ आला की मी आलो. धंदा बरा चालला होता, आणि नेमकं तेच मला टोचायला लागलं. एवढं बरं चाललंय, म्हणजे आपलं काहीतरी राहून गेलंय.

तेवढ्यात फोन आला. मी गच्चीवर, अर्धा टाकीत, अर्धा बाहेर.

"सर, आमच्या कमिटीनं तुमची कंपनी शॉर्टलिस्ट केली आहे."

कंपनी म्हणजे मी, माझा चुलतभाऊ, एक प्रेशर पंप आणि एक सेकंड हँड टेम्पो. पण 'शॉर्टलिस्ट' म्हटल्यावर टेम्पोसुद्धा जरा ताठ उभा राहिल्यासारखा वाटला. विश्वासार्ह सेवा पुरवठादार म्हणून वर्षाची मान्यता, वेबसाइटवर नाव, नावापुढं पाच तारे, दारावर लावायला स्टिकर आणि भिंतीवर लावायला प्रमाणपत्र. फी दहा हजार, वर १८ टक्के जीएसटी. कमिटीनं माझी एक तरी टाकी कधी बघितली, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. शुभ कामात खोडा घालू नये.

पैसे भरा आणि ज्या दिवशी प्रमाणपत्र येईल त्या दिवशी कामाला सुट्टी द्या. गंजगोलाईला जा. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, एखाद्या रस्त्यावर फ्रेमवाला सापडतोच. साधी फ्रेम घेऊ नका. मी नक्षीची घेतली, आतून मखमल, वरून काच. फ्रेमवाल्यानं प्रमाणपत्र उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाला, "असलं कालच एक केलं की. कटिंगवाल्याचं." माझा ऊर भरून आला. म्हणजे केस कापणाऱ्यापासून टाकी धुणाऱ्यापर्यंत सगळे एकाच कसोटीला उतरलो होतो. कसोटी एकच असली की गोंधळ होत नाही.

एवढ्यावर थांबलात तर मात्र तुमच्यात जिद्द नाही. पुढची पायरी आयएसओ ९००१. आता कुणी शहाणा तुम्हाला सांगेल की आयएसओ ही जिनिव्हातली संस्था मानकं लिहिते, प्रमाणपत्र ती कुणालाच देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या संस्थांनाही तपासणारं आपल्याकडं एनएबीसीबी म्हणून मंडळ आहे. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. कारण त्याचं ऐकलंत तर तुम्ही मंडळाची मान्यता असलेली संस्था शोधाल, आणि ती नस्ती आफत. ती माणसं खरोखर येतात. वही मागतात. तक्रार आली तेव्हा काय केलं, कुठं लिहून ठेवलं, असं विचारतात. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, पण मधे दरवर्षी पुन्हा बघायला येतात. एवढं सोसून मिळतं काय, तर एखाद्या मोठ्या कारखान्याच्या किंवा सरकारी टेंडरच्या अटींत ९००१ मागितलेलं असेल तिथं कागद चालतो. ज्याला टेंडर भरायचंच नाही, त्यानं कशाला एवढी उठाठेव करावी?

माझं तीन दिवसांत आलं. व्हॉट्सअॅपवर, पीडीएफ. सोबत नव्वद पानांचं क्वालिटी मॅन्युअल, प्रत्येक पानावर माझ्या फर्मचं नाव. ९००१ चा मूळ मुद्दा एवढाच की काम कसं करता ते ठरवा, त्याप्रमाणे करा, चुकलं तर सुधारा. माझं कसं ठरलंय ते वाचायला मी उत्साहानं बसलो. एकतिसाव्या पानावर होतं: 'भट्टीचे तापमान दर दोन तासांनी नोंदवावे व बिस्किटांचा रंग तपासावा.' चुलतभाऊ म्हणाला, "दादा, टाकी धुताना बिस्किटं कामून भाजायची?" त्याला कुठं कळतंय. प्रगती होताना आधी भट्टी येते, मग कधीतरी टाकी येते. त्या नव्वद पानांत हौदात उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्यावी, मोटारीची वायर प्लगमधून काढावी आणि एक माणूस वर उभा ठेवावा, हे मात्र कुठं नव्हतं. ते आम्ही आपलं अडाण्यासारखं तोंडी पाळतो.

आणि हे आपल्याच मुलखात होतं असं समजून मान खाली घालू नका. अमेरिकेत बेटर बिझनेस ब्यूरो आहे, मुळं १९१२ सालातली. धंद्यांना शाळेसारखे ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड देते, आणि फी भरणाऱ्याला मान्यताप्राप्त म्हणते. २०१० मध्ये लॉस एंजलिसच्या काही धंदेवाल्यांनी गंमत केली. 'हमास' या नावाची कंपनी, जी अस्तित्वातच नव्हती, तिची फी भरून टाकली. सव्वाचारशे डॉलर. ग्रेड आली ए मायनस. एबीसी वाहिनीनं ते सगळं दाखवलं, तेव्हा ब्यूरोनं सदस्यत्वाचे जादा गुण देणं बंद केलं आणि २०१३ मध्ये लॉस एंजलिसची शाखाच काढून टाकली. काय नाजूक लोक. आपल्याकडं असतं तर त्या कंपनीला पुढच्या वर्षीच्या सोहळ्याला बोलावून शाल घातली असती.

सोहळ्याचं सांगायचंच राहिलं. पुरस्काराला नाही म्हणू नका. संभाजीनगरच्या एका हॉटेलात मला कसलं तरी रत्न केलं. नोंदणी फी वेगळी, फोटोचे पैसे वेगळे, बायकोच्या जेवणाचे वेगळे. रत्नं चाळीसेक होती आणि शाली पाच-सहा. त्यामुळं स्टेजच्या डाव्या पायरीवरून उतरलं की एक पोरगा खांद्यावरची शाल काढून घ्यायचा आणि उजव्या पायरीकडं पळायचा. मला जी आली ती चांगली ऊबदार होती, आधीच्या माणसाच्या अंगानं. येताना बायको एसटीत म्हणाली, "अहो, नारळ तरी आपलाच होता ना?" होता. आम्ही त्याची चटणी केली.

आता तुम्ही म्हणाल, उपयोग काय झाला? एक प्रसंग सांगतो, म्हणजे शंका राहणार नाही. औसा रोडला एक होस्टेल, नवीन मालक, सहा टाक्या आणि खाली हौद. मी फाइल घेऊन गेलो. लॅमिनेट केलेलं सगळं, रंगीत. मालकानं फाइल हातात घेतली, वजन बघितलं, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. मग वॉचमनला हाक मारली.

"मामा, शेजारच्या होस्टेलची टाकी कोण धुतलंतं?"

"हेच आलते की मालक. गाळ गटारीत नाही सोडला ह्यांनी. पोत्यात भरून नेला. आन् जाताना पायऱ्या पुसून गेले."

"किती घेताव?"

काम मिळालं. बघा, फाइल नसती तर त्यानं कप कुठं ठेवला असता?

माझा एक प्रतिस्पर्धी आहे, त्याच्याकडं फाइल नाही, वेबसाइट नाही, पाटीसुद्धा नाही. पण अर्ध्या रस्त्याच्या वॉचमनांच्या मोबाइलमध्ये तो 'टाकीवाला' या एकाच नावानं सेव्ह आहे. दिवाळीला तो प्रत्येकाला अर्धा किलो चिवडा देतो आणि टाकी धुतल्यावर चौथ्या दिवशी 'पाणी कसं आहे' म्हणून फोन करतो. एवढीच त्याची मान्यता. असल्या माणसाची मला कीव येते. त्याला एकही तारा नाही.

फुकटच्या गोष्टींपासूनही जपा. उद्यमचंच बघा, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधार क्रमांक टाकून ती होते आणि तिला एक पैसा लागत नाही, म्हणूनच ती भरवशाची वाटत नाही. मी तर एका एजंटाला अडीच हजार देऊन केली, तेव्हा कुठं समाधान झालं. २००६ च्या कायद्यानं अशा सूक्ष्म किंवा लघु सेवा देणाऱ्याचे पैसे ठरावाप्रमाणे, आणि ठराव काहीही असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रारीला वेगळं सरकारी पोर्टल आहे. पण हे सांगून मी तुमचा गैरसमज वाढवतोय. एका मेसवाल्याकडं माझे चौदा हजार सात महिने अडकले होते. मी त्याला कायदा सांगितला नाही, पाच तारे दाखवले. तो म्हणाला, "वा!" आणि आठवा महिना लागला.

आपल्याकडच्या उद्योजक संघटनांच्या नादीही लागू नका. मासिआ आहे, सीएमआयए आहे. तिथं गेलं की बसावं लागतं, वीज, रस्ते, पाणी यावर ऐकावं लागतं, आणि दुसऱ्याची अडचण ऐकता ऐकता एखादं काम गळ्यात पडतं. सोनेरी किनार मिळत नाही. शिवाय वायरमनचा परवाना, कीटकनाशक फवारणीचा परवाना, कामगाराचा विमा, असली बिनफ्रेमची कागदपत्रं मागणारा कुणी भेटला तर त्याला कमिटीचा नंबर द्या.

परवा पुन्हा फोन आला. नूतनीकरण. "सर, भरलं नाही तर तुमचे तारे पाचाचे तीन होतील." मी तेव्हा हौदात होतो, गुडघाभर गाळात, वर चुलतभाऊ उभा. मी विचारलं, "माझं काम काय बिघडलं?" पलीकडून म्हणाले, "काम नाही सर, सिस्टीम आहे." तेवढ्यात रेंज गेली. हौदात रेंज येत नाही. वर आल्यावर भावानं विचारलं, कोण होतं? म्हटलं, ताऱ्यांवरून होतं.

तुमचा विचार पक्का झाला असेल तर एक सोय आहे. माझी फ्रेम देऊन टाकायची आहे. काच शाबूत, मखमल चांगली, फक्त कोपऱ्यात थोडी ओल धरलीय. नाव तेवढं बदलून घ्या. मॅन्युअल सोबत फुकट देतो. एकतिसावं पान फाडलेलं नाही.