सिस्टर, ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणायला शिका

नवीन लागलात ना? अभिनंदन! नागपुरातलं धंतोली असो, रामदासपेठ असो की मेडिकल चौकाकडचं वीस खाटांचं हॉस्पिटल, ड्युटी सगळीकडे सारखीच. जीएनएमच्या (म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) नाहीतर बीएस्सी नर्सिंगच्या वर्गात पेशंटशी कसं बोलायचं ते तुम्हाला शिकवलं असेल. ते विसरायला पहिला महिना पुरे होतो.

आधी एकच वाक्य पाठ करा: ‘डॉक्टरांना विचारा.’ गडचिरोलीतल्या कुरखेड्याहून आलेली बाई विचारेल, “सिस्टर, हे इंजेक्शन कायचं होय जी?” अँटिबायोटिक आहे, दुपारी दोनला पुढचा डोस आहे, हे तुमच्या हातातल्या चार्टवरच लिहिलेलं असतं. सांगायला दहा सेकंद लागतील. तरी सांगू नका. डॉक्टर रात्री साडेआठला राऊंडला येतील, चालता चालता म्हणतील, “सिस्टर सांगतील.” बाई दोन्हीकडे बघून गप्प बसेल. गप्प पेशंट हा चांगला पेशंट, हे इन्चार्ज तुम्हाला सांगतीलच.

हक्कांचं म्हणाल तर त्यासाठी बोर्ड आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा केला, 2021 मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा करून सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. आपण लावलीय. बिलिंग काउंटरशेजारी, वॉटर कूलरच्या मागे. डिस्चार्जनंतर कागदांच्या प्रती 72 तासांत, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची मोकळीक, औषध कुठल्याही दुकानातून घ्यायची मुभा, बिलापायी पेशंट किंवा मृतदेह अडवायचा नाही, असं त्यावर बरंच काही आहे. एखादा पोरगा मोबाईलवर फोटो काढून फाईलची झेरॉक्स मागायला आला, तर नाही म्हणू नका. फक्त दुखावल्या आवाजात विचारा, “काहून, आमच्यावर विश्वास नाही का?” ज्याच्या आईचं सलाईन आपल्या हातात आहे, तो ‘नाही’ कसा म्हणेल बाप्पा?

संमतीपत्राची वेळ ऑपरेशनच्या दिवशी पहाटे, स्ट्रेचर दारात आल्यावर. उपचार काय, धोके काय, दुसरा पर्याय कोणता, हे समजावूनच संमती घ्यायची असं सुप्रीम कोर्टाने 2008 मध्येच सांगितलंय. पण कोर्टाला ऑपरेशन थिएटरमधून फोन येत नाहीत. पेन्सिलीने फुल्या मारून ठेवा आणि बोट ठेवत म्हणा, “इथं, इथं आणि इथं.” चष्मा शोधायला लागले तर घड्याळाकडे बघा. फॉर्म इंग्रजीत, पेशंटची बोली गोंडी, म्हणजे शंका निघायचा प्रश्नच मिटला. साक्षीदार भाचा तर्री पोहे खायला गेला असेल. त्याची सही आल्यावर घ्या.

गोपनीयता जपायची असते, म्हणून नाव घेऊ नका. “अकरा नंबर, संडास झाली का?” हे वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू गेलं तरी नाव कुठे फुटलं? एचआयव्हीबाबत 2017 चा कायदा कडक आहे, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. फाईलवर लाल ठिपका, खाटेखाली वेगळी बादली आणि मावशीकडे एक नजर एवढंच करा. कायदा शाबूत राहतो.

सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, पोरगा हाडं धरून ओरडला तर ‘नाटक करून राहिला’ म्हणा. विदर्भात हा आजार किती आहे ते तुम्हाला ठाऊक असतंच, पण नागपूरच्या मे महिन्यात त्याने पाणी किती प्यावं, या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी का चुकवू नये, हे सांगत बसलात तर तो महिनाभराने पुन्हा यायचा नाही. मग वैतागायचं कुणावर?

खरं कौशल्य डिस्चार्जच्या वेळी दिसतं. समजा, पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू झालेले साठीचे काका आहेत, अहेरीची एसटी गाठायची आहे. इन्सुलिन टोचायचं पेन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, “सकाळ-संध्याकाळ टोचायचं, समजलं ना?” ते म्हणतील, “हो जी.” पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला आपल्याकडे ‘हो जी’च म्हणतात. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, जागा रोज बदलायची, दाबल्यावर दहा आकडे मोजून सुई काढायची, घाम सुटून थरथर झाली तर आधी साखर खायची, यातलं काही बोलू नका. न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांत, फ्रीजमध्ये पण बर्फाच्या कप्प्यात नाही; फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्यात, पाणी लागू न देता, हेही राहू द्या. काका पेन शर्टाच्या खिशात घालतील, एसटीत खिडकीशी बसतील, बाहेर 45 अंश. घरी पत्र्याखालच्या फळीवर ठेवतील. दोन-तीन आठवड्यांनी साखर साडेचारशे घेऊन परत आले, की फाईलवर सुवाच्य अक्षरात लिहा: पेशंटने सूचना पाळल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र कुणाशी बोलू नका. साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स हा नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष आहे, आणि रात्रपाळीला तुमच्याकडे दोन डझन असतील. समजावून सांगायला वेळ आणायचा कुठून, हे मालकांना विचारणं प्रोफेशनल समजलं जात नाही. घट्ट अंबाडा, इस्त्रीचा युनिफॉर्म आणि 12 मेला, परिचारिका दिनी, मेणबत्ती धरून घेतलेली शपथ समजली जाते. त्या शपथेत पेशंटची खाजगी माहिती जपण्याचंही एक वाक्य आहे, तेवढं जरा हळू म्हणा.

दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरपासून मात्र जपून राहा. ती डिस्चार्जच्या वेळी पेशंटच्या हातात इन्सुलिनचं रिकामं पेन देते आणि म्हणते, “आता तुम्ही मला करून दाखवा.” चुकलं की पुन्हा करायला लावते, न रागावता. तिच्यासोबत ड्युटी लागली तर बदलून घ्या. तिच्या वॉर्डातल्या पेशंटना प्रश्न विचारायची सवय लागते, आणि पुढच्या शिफ्टला ते तुम्हालाच विचारतात.