परळकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: बेसाल्टवरच्या शहरात रेडॉन कशाला मोजायचा?

परळकर, प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबई काळ्या बेसाल्टवर उभी, खिडक्या बारा महिने उघड्या, मग घरात साचणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचं अमेरिकन खूळ इथे आणून लोकांना घाबरवायचं आणि मोजणीचं किट खपवायचं, हा धंदा कशाला?

दगड आणि खिडक्या, दोन्ही मान्य. दगडमातीतलं युरेनियम विघटित होत जाताना मधे रेडियम बनतं, त्यापासून रेडॉन तयार होतो आणि ग्रॅनाइटच्या मानाने बेसाल्टमध्ये युरेनियम कमीच. घरात तो मुख्यतः जमिनीतून येतो. त्यामुळे दादरला आठव्या मजल्यावर राहणाऱ्याने मोजणीवर पैसे घालवू नयेत. ग्रॅनाइटच्या ओट्यापायीही झोप उडवून घेऊ नये.

रेडॉन मोजा म्हणालो तेव्हा माझा रोख तळघरांवर होता. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीखालची रेकॉर्ड रूम माझ्या डोळ्यांसमोर आहे. भिंतीतून केबल आत येते तिथलं भोक कापडाचा बोळा कोंबून बुजवलेलं, आणि पावसाळ्यात तो बोळा ओलाकच्च. जिथून ओल येते तिथून मातीतला वायूही येतो. वर एक्झॉस्ट आहे, पण ताजी हवा आत यायला वाटच नाही. मग एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, आतला दाब उतरतो आणि जमिनीतली हवा फटींतून आणखी ओढली जाते. एसी तीच हवा घुसळत बसतो. तिथला कारकून दिवसभर त्याच खोलीत असतो. त्या खोलीतल्या रेडॉनचा आकडा घनमीटर हवेमागे 20 बेकरेल (किरणोत्साराचं एकक) आहे की 400, हे दगडाच्या जातीवरून कसं कळणार?

राहिलं अमेरिकन खूळ. 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनीअर अणुवीज केंद्रात शिरतानाच अलार्म वाजवायचा. किरणोत्सार त्याच्या घरातून येत होता. गोष्ट तिथली खरी, पण रेडॉन फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण आहे हे 1988 पासून जागतिक पातळीवर मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घनमीटरला 100 बेकरेल ही पातळी सुचवली. ते जमण्यासारखं नसेल तर निदान 300 च्या वर नको. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कैक पटींनी जास्त. आणि हा वायू मोजायच्या डबीवजा उपकरणांवर आपल्या ट्रॉम्ब्यातच, भाभा अणुसंशोधन केंद्रात, भरपूर काम झालंय.

किटचं म्हणाल तर मी एकही विकत नाही. उलट दोन-चार दिवसांची कोळशाची डबी जुलैत घेऊच नका, कोळसा दमट हवेतलं पाणी शोषतो आणि आकडा बिघडतो. फिल्मची डबी बरी: रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे ओरखडे फिल्मवर उमटतात, ते नंतर लॅबमध्ये मोजतात. बसल्यावर नाक येतं त्या उंचीला, एसीच्या झोतापासून लांब, किमान तीन महिने टांगून ठेवायची. हवेतली धूळ मोजणारं घरगुती यंत्र इथे कामाचं नाही, त्याला रेडॉन दिसतच नाही.

आकडा जास्त आला तरी लगेच लाखांचा खर्च काढू नये. आधी तो बोळा काढून भोक नीट बुजवा, ताजी हवा आत ढकलणारा पंखा लावा, आणि डबी पुन्हा टांगा.