लोणारचं पाणी औषध नाही, मामा

मामांनी परवा फोन करून फर्मावलं, "येताना लोणार सरोवराच्या गुलाबी पाण्याचा एक कॅन घेऊन ये." मामांना सोरायसिस आहे आणि घरच्या ग्रुपवर 'नासाही हादरली' छापाचा तो मेसेज पुन्हा फिरतोय. त्यातले दावे असे: लोणार हे जगातलं तिसरं मोठं उल्काविवर, बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळातलं एकमेव, नासाने ते शोधलं, तिथे होकायंत्र बंद पडतं, काठावर माणूस टिकत नाही, २०२० मध्ये पाणी एका रात्रीत गुलाबी झालं, तो दैवी संकेत, आणि त्या पाण्याने त्वचारोग बरे होतात.

आधी पाणीच घेतो, कारण बाकीच्या थापांनी कुणाचं अंग सोलवटणार नाही. लोणारच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा ७, आपल्या कातडीचा साधारण ५. ही मोजपट्टी दर अंकाला दहापट वाढते, त्यामुळे १० म्हणजे ७ पेक्षा हजारपट अल्कधर्मी. त्या पाण्यात भरपूर सोडियम कार्बोनेट आहे, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. आधीच फाटलेल्या, खपल्या धरलेल्या कातडीवर धुण्याचा सोडा चोळा असं कोणता डॉक्टर सांगेल? मेसेजवाल्याने तर 'रोज अर्धा कप प्यावे' असंही ठोकून दिलंय. याला काय म्हणावं!

आता गुलाबी रंग. जून २०२० मध्ये रंग बदलला हे खरं. नमुने नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरच्या तपासणीत हॅलोआर्किया सापडले, म्हणजे अतिखारट पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेत नमुना ठेवून दिल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी चक्क स्वच्छ दिसायला लागलं. संकेत बाटलीच्या बुडाशी! इराणचं उर्मिया सरोवरही असंच लाल होतं. शिवाय मामा, तो रंग पुढे ओसरला. आता गेलात तर हिरवट पाणी दिसेल.

'तिसरं मोठं' हे कुठून आलं देव जाणे. लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर. मध्य प्रदेशातलं ढाला विवर सुमारे ११ किलोमीटरचं आहे. जगाचं सोडा, भारतातही लोणार पहिलं नाही.

बेसॉल्टची गोष्ट अर्धी खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. ब्राझीलमध्येही बेसॉल्टमधली विवरं आहेत, तेव्हा 'एकमेव' नाही. पण इतकं ताजं आणि शाबूत दुसरं नाही. चंद्रावर आणि मंगळावरही बेसॉल्ट आहे, म्हणून अवकाशवाल्यांना लोणारमध्ये रस असतो. मात्र शोधलं नासाने? नासा १९५८ ची. ऐन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे आणि १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. बराच काळ भूवैज्ञानिक याला ज्वालामुखीचं मुख समजत होते. तळ भोकं पाडून तपासला तेव्हा आघाताने काचेसारखं झालेलं खनिज मिळालं आणि १९७३ च्या 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखाने उल्केवर शिक्कामोर्तब केलं.

होकायंत्र: बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, काटा थोडा हलतो. सह्याद्रीतल्या कातळावर ठेवून बघा, तिथेही हलेल.

राहता राहिलं 'माणूस टिकत नाही'. लोणार हे बुलडाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. नगरपरिषद आहे, २०११ च्या जनगणनेत वीस हजारांवर वस्ती होती. गावात दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर शेकडो वर्षांपासून उभं आहे, विवराच्या कडेला झऱ्याच्या धारेखाली लोक आंघोळ करतात, खाली पाण्याशेजारी कमळजा देवी आहे. उलट माणसं आहेत म्हणूनच प्रश्न आहे. गावाचं सांडपाणी सरोवरात जाऊ नये, यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. २०२० मध्येच सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला, तो मेसेजवाल्याला ठाऊकही नसावा.

कॅन आणणार नाही. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मात्र घेऊन ठेवलीय, मामा.